तीन नंबरची चिठ्ठी

कन्नियम्माच्या डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, काहीही नाही. तीळ नाही, व्रण नाही. त्याच हातावर खाली देवीच्या लशीचे दोन मोठे व्रण आहेत, पण ते तिच्या वयाच्या सगळ्यांनाच आहेत. वरची जागा कोरी आहे. साठ वर्षांत तिने ती कधी लपवली नाही आणि मुद्दाम कोणाला दाखवलीही नाही. फक्त २०२० च्या जूनमध्ये एकदा, पंधरावीस माणसांसमोर पोलक्याची बाही वर सरकवून तिने ती दाखवली. भावाची अब्रू वाचवण्यासाठी दाखवली. पुढे जे झाले ते त्या बाहीमुळे झाले.

भाऊ म्हणजे एकांबरम. वालाजाबादला पालार नदीकडे जाणाऱ्या गल्लीत त्यांचे घर आहे आणि त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी अठ्ठावीस वर्षे भाडेकरू आहे; मला सगळे ‘सार’, म्हणजे सर, म्हणतात. पत्नी वारल्यापासून ते खाली एकटेच राहतात. कमरेला धोतरासारखी स्वच्छ पांढरी वेष्टी, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, खिशात टोपण लावलेले पेन आणि एक छोटी वही. वही त्यांची जुनी सवय आहे. दूधवाला किती वाजता आला, नळाला पाणी किती वेळ होते, सगळे त्या वहीत लिहिलेले असते. माझे त्यांच्याशी पटले ते बहुधा त्या वहीमुळेच.

गल्लीत त्यांना सगळे ‘सुईवाले’ म्हणतात. १९६८ साली, बावीस वर्षांचे असताना, त्यांना टोचणी करण्याची नोकरी लागली. क्षयावरची लस नेमकी किती उपयोगी पडते हे तपासण्याची एक मोठी योजना त्या वेळी आमच्या भागातल्या गावांमधून चालली होती. घराघरांवर डांबराने नंबर घातले होते. पहाटे, लोक शेतावर जायच्या आत, गाडी गावात यायची. प्रत्येक माणसाच्या हातात एक चिठ्ठी दिली जाई. चिठ्ठीवर एक ते सहापैकी एक आकडा असे. पेटीत त्याच आकड्यांच्या सहा बाटल्या असत. ज्याच्या चिठ्ठीवर जो आकडा, त्याच बाटलीतून सुई भरायची, टोचायची, चिठ्ठीवर शिक्का मारायचा आणि ती जपून ठेवा म्हणून परत द्यायची. काही बाटल्यांत लस होती, काहींत नुसते मिठाचे पाणी. कोणत्या बाटलीत काय, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नसावे अशी रीत होती. ठाऊक असले की माणसाचा हात आपोआप आपल्या माणसांकडे झुकतो आणि सगळी तपासणी फुकट जाते.

पाण्याची गोष्ट साहेबांनी गावोगाव सांगितली होती म्हणतात. पण पहाटेच्या घाईत, कडेवर पोर आणि डोक्यावर पाटी असताना ती कोणाच्या कानांत राहिली असेल असे वाटत नाही. लोकांच्या कानांत राहिले ते एकांबरम यांचे वाक्य. ते प्रत्येक उंबऱ्यावर तेच म्हणत, “एक टोचणी घ्या, या घरात खोकला शिरणार नाही.” ते त्याच भागातले, नेल्लिमेडू गावचे. आपल्या गावचा मुलगा सांगतो म्हणून लोकांनी हात पुढे केले.

नेल्लिमेडूत त्यांच्या आईचे घर होते आणि आठ वर्षांची बहीण कन्नियम्मा. वडील लवकर गेले होते. बहिणीला त्यांनीच मोठे केले म्हटले तरी चालेल. तिच्या हातातल्या चिठ्ठीवर तीनचा आकडा होता.

खोकला मात्र शिरायचा तिथे शिरलाच. बरीच वर्षे मोजून झाल्यावर वर्तमानपत्रात आले की मोठ्या माणसांच्या क्षयावर त्या लशीचा म्हणावा तसा उपयोग दिसला नाही. तोपर्यंत एकांबरम एका शाळेत कारकून झाले होते. नेल्लिमेडूच्या धनकोटीचा नवरा त्याच सुमारास क्षयाने गेला. त्याच्या दंडावर छान गोल व्रण होता. तेराव्याला एकांबरम गेले तेव्हा धनकोटी सगळ्यांसमोर म्हणाली, “या सुईवाले. तुमचा शिक्का सोबत घेऊन गेले ते.” त्यानंतर पुष्कळ वर्षे त्यांनी टोचणीचा विषय काढला नाही.

तो विषय परत आला २०२० च्या एप्रिलमध्ये. सगळे बंद होते. दारांवर कडुनिंबाचे डहाळे, उंबऱ्यावर हळदीचे पाणी आणि सकाळी पंचायतीतर्फे कडू काढ्याचे वाटप. अशात एका सकाळी पेपरात बातमी आली. ज्या देशांत मुलांना क्षयाची लस लहानपणीच टोचतात, तिथे या नव्या विषाणूने माणसे कमी मरताना दिसतात. लशीने शरीराला एकदा लढायची सवय लागली की ते अनोळखी शत्रूशीही बरे लढत असेल, कदाचित. ठिकठिकाणचे डॉक्टर ते तपासून पाहत आहेत, अजून काही सांगता येत नाही. एकांबरम यांनी ही बातमी ओट्यावर बसून मोठ्याने वाचली. ‘कदाचित’ तेवढे वाचले नाही. मी जिन्याच्या पायरीवर माझा पेपर घेऊन बसलो होतो, म्हणून मला कळले.

दोन दिवसांत ओट्यासमोर माणसे जमू लागली. तोंडाला पंचा बांधून, लांब लांब उभी राहून, पण जमू लागली. निम्मी नेल्लिमेडूचीच होती. एकांबरम चष्मा पुसून एकेकाचा दंड बघत.

“हा देवीचा. खालचे सगळे देवीचे. वर सरकव बाही. आणखी वर. हां! हा माझा.”

कोपऱ्यावरच्या चहावाल्या मुनिरत्नमचा व्रण सगळ्यांत मोठा होता, चिंचोक्याएवढा. तो हात उंच करून गोल फिरला.

“बघून घ्या सगळ्यांनी. माझ्यावर शिक्का आहे. उद्यापासून दुकान उघडतो.”

“शिक्का बैलावरही मारतात, मुनिरत्नम,” धनकोटी म्हणाली. ती आता सत्तरीची होती आणि जीभ तशीच होती. “पोलीस आला की त्याला दंड दाखव, म्हणजे तो दुसऱ्या दंडावर काठी मारेल.”

“तुम्हाला व्रण नाही म्हणून जळता, अक्का.”

“माझ्या नवऱ्याला होता. विचार त्यांना वर जाऊन.”

सगळे हसले. एकांबरमही हसले. चाळीस वर्षांनी त्यांच्या ओट्यावर माणसे आली होती. ज्यांना व्रण नव्हता त्यांना ते समजावत, “काहींच्या अंगावर वळ उठतच नाही. काम आत होतं.” हे वाक्य मी पूर्वी कधी ऐकले नव्हते, पण त्यांच्या तोंडी ते फार सफाईने येत होते. ते पहिल्यांदा कोणासाठी तयार झाले होते, हे मला नंतर कळले.

जूनमध्ये गडबड झाली. कोणीतरी घरातल्या पत्र्याच्या डब्यातून जुनी चिठ्ठी काढून आणली. सरकारी शिक्क्याचा कागद आमच्याकडे कोणी फेकत नाही. जमिनीचा उतारा, रेशनकार्ड आणि देवळातल्या अंगाऱ्याची पुडी यांच्याबरोबर तो राहतो. एकाने आणली म्हणताच बाकीच्यांनीही डबे उपसले. एका संध्याकाळी ओट्यासमोर दहाबारा चिठ्ठ्या होत्या. धनकोटीला लिहितावाचता येत नाही, पण आकडे येतात. ती चिठ्ठ्या आणि दंड बघत फिरली आणि एकदम थांबली.

“पाचवाले इकडे या,” ती म्हणाली. चार जण पुढे आले. पाचवी ती स्वतः. “बाह्या वर करा.”

पाचही दंड कोरे होते.

“तीनवाले?”

मुनिरत्नम आणि आणखी दोघे. तिघांनाही व्रण.

मग धनकोटी ओट्याकडे वळली.

“म्हणजे पाचात पाणी होतं.”

“असेल,” एकांबरम म्हणाले. “योजनाच तशी होती. साहेबांनी सांगितलं होतं.”

“साहेबांचं सोडा. आमच्या दारात साहेब नव्हते आले, तुम्ही आलात. पाणी टोचत होता आणि खोकला येणार नाही म्हणत होता?”

“आम्हाला कुठं माहीत होतं? कोणाला काय, ते टोचणाऱ्यालासुद्धा कळू द्यायचे नाहीत.”

“खोटं.” पाचवाल्यांतला एक पुढे झाला. “आपल्या माणसांना औषध, आम्हाला पाणी. हेच केलं असणार.”

आवाज चढले. एकांबरम वही हातात घेऊन नुसते बसून राहिले. त्यांचा अंगठा वहीच्या पानांवरून सारखा फिरत होता.

त्याच वेळी कन्नियम्मा आली. नेल्लिमेडूहून ती तीन मैल चालत आली होती, कारण बस बंद होत्या. हातात पिवळी कापडी पिशवी, पिशवीत भावासाठी शेवग्याचा पाला आणि सुकी मासळी. नवरा वारलेला, मुलगा तिरुप्पूरला. ती कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करत असे. बुटकी, आवाज खणखणीत, आणि भावाबद्दल कोणी वावगे बोललेले तिला खपत नसे.

“काय चाललंय? देऊळ लुटायला आलाय की काय?”

धनकोटीने सांगितले. कन्नियम्माने पिशवी खाली ठेवली, कमरेची चंची सोडली आणि आतून घडीच्या जागी विरलेला एक कागद काढला. सगळीकडे चिठ्ठ्यांची शोधाशोध चालू होती तेव्हा तिनेही स्वतःची शोधून ठेवली होती.

“वाचा. कितीचा आकडा आहे?”

“तीन,” मुनिरत्नम म्हणाला.

“शिक्का आहे?”

“आहे.”

मग तिने बाही वर सरकवली.

“आता बघा. आहे काही? तीन नंबर, आणि व्रण नाही. अण्णानं स्वतःच्या हातानं टोचलंय मला, आईच्या दारात, सगळं गाव बघत होतं. नंबराचं काही खरं असतं तर माझ्या दंडावर नको होता? काहींच्या अंगावर वळ उठतच नाही. मला तो लहानपणापासून सांगतो, काम आत झालंय. आणि पाणीच द्यायचं असतं तर सख्ख्या बहिणीला दिलं असतं का?”

मुनिरत्नम डोके खाजवत म्हणाला, “मग नंबरांवरून काही धरता येत नाही.” पाचवाले एकमेकांकडे बघत मागे सरले. धनकोटी कन्नियम्माच्या दंडाकडे बराच वेळ बघत राहिली, मग तिने पदर सावरला.

“तुझ्या तोंडाकडे बघून जाते, कन्नी. त्याच्या नाही.”

माणसे पांगली. कन्नियम्मा घाम पुसत ओट्यावर टेकली. “मासळी आजच कर, अण्णा. उद्या वास मारेल.” एकांबरम यांनी मान हलवली. तिच्या दंडाकडे त्यांनी सगळा वेळ एकदाही पाहिले नव्हते. मला वाटले, लोकांनी आरोप केल्याने मन दुखावले असेल.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कन्नियम्माच्या वसतिगृहातल्या अकरा मुली आजारी पडल्या. ओडिशा आणि झारखंडकडच्या मुली, घरी जायला गाड्या नाहीत. ये-जा बंद करायला इमारतीला पत्रे ठोकले. आत राहून स्वयंपाक करील अशी बाई मिळेना. तेव्हा वसतिगृह चालवणाऱ्याने निरोप धाडला, ज्यांना क्षयाची लस टोचलेली आहे त्यांनी यावे, त्यांना धोका नाही म्हणतात. दंड बघून घेतले जाईल.

कन्नियम्मा आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. एकांबरम इडली खात होते. मी भाड्याची पावती घ्यायला खाली आलो होतो.

“अण्णा, जाऊ का?”

“कुठं?”

“मुलींकडं. पोरगा फोनवर ओरडतोय, जाऊ नकोस म्हणून. तुला साखर आहे, तुझं वय झालंय, तू मरशील म्हणतो. आता तो काय डॉक्टर आहे? बनियनच्या कारखान्यात शिवणकाम करतो.”

“दंड बघणार म्हणालीस ना? तुला व्रण कुठं आहे?”

“चिठ्ठी दाखवली. चालतंय म्हणाले. तीन नंबर, शिक्का, आणि टोचणारा कोण, तर सख्खा भाऊ.” ती हसली. मग जरा जवळ बसली. “त्या मुली मला पाटी म्हणतात, अण्णा. आजी. त्यातली एक माझ्या हातचं रसम सोडून काही खातच नाही. चार दिवस ब्रेड खातायत. मन तिकडं ओढतंय. पण खरं सांगते, मला भीतीही वाटते. म्हणून तुला विचारायला आले. तू सांगशील तसं करते. काम झालंय ना आत?”

एकांबरम यांनी इडलीचा तुकडा चटणीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. समोर कोपऱ्यावर मुनिरत्नमच्या दुकानाशी तिघे चौघे उभे होते. त्यांतला एक पाचवाला होता.

“अण्णा?”

“झालंय,” ते म्हणाले. “पण तोंड बांधून राहा. लांबूनच वाढ.”

“मग झालं तर.” ती उठली. “पोराला सांगते, मामानं सांगितलंय.”

नवव्या दिवशी तिला ताप आला. बंद पडलेल्या एका कॉलेजात रुग्णांसाठी खाटा टाकल्या होत्या, तिथे तिला नेले. तिसऱ्या दिवशी नाकाला नळी लावली. त्याच आठवड्यात मुनिरत्नम गेला. चिंचोक्याएवढ्या व्रणासकट गेला. त्याला न्यायला अंगभर झगे घातलेली चार माणसे आली आणि गल्लीतल्या कोणालाही जवळ जाऊ दिले नाही.

मुनिरत्नम गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एकांबरम जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत ते क्वचितच वर आले असतील. “तुमच्या फोनवरून लावून द्या. माझ्यात नीट ऐकू येत नाही. मोठ्यानं ऐकू येईल असं करा.” मी नंबर लावला आणि बाहेर जाऊ लागलो. त्यांनी माझे मनगट धरले. “बसा. कोणीतरी ऐकायला हवं.”

कन्नियम्माचा आवाज आला, दमलेला.

“अण्णा, जेवलास?”

“कन्नी, ऐक. तुला टोचलं ते तीन नंबरचं नव्हतं.”

“मग कोणतं?” तिने विचारले.

त्यांनी सांगितले. क्रम न चुकवता, वहीतून वाचावे तसे सांगितले. नेल्लिमेडूच्या आधी इतर गावांत टोचून झाले होते आणि तीन महिन्यांनी ते तपासणीच्या गाडीबरोबर त्या गावांत पुन्हा गेले होते. खिशात वही होतीच. ज्याच्या चिठ्ठीवर पाच, त्याचा दंड कोरा, असे वहीत ओळीने लिहीत गेले. तिसऱ्या गावातच त्यांना कळले. कळल्यावर ते साहेबांना सांगायला हवे होते, म्हणजे आकडे बदलले असते. त्यांनी सांगितले नाही. आपल्याला एक गोष्ट कळली आहे, याचेच त्यांना अप्रूप वाटले. आणि ज्या आकड्यांत लस होती त्यांच्या टोचणीने काय होते तेही त्यांनी पाहिले होते. जखम चिघळते, महिना महिना पाणी सुटते. एका गावात मुलीचा असा दंड बघून तिला पाहायला आलेले लोक, हिला काहीतरी रोग आहे म्हणत उठून गेले होते. हे त्यांनी घरी आईला सांगितले. आई म्हणाली, माझ्या पोरीला जखम नको रे करूस, आधीच बाप नाही तिला. नेल्लिमेडूत कन्नियम्मा तीनची चिठ्ठी घेऊन समोर आली तेव्हा त्यांनी पाचच्या बाटलीतून सुई भरली आणि तीनच्या चिठ्ठीवर शिक्का मारला.

“तुझ्या भल्यासाठीच केलं, कन्नी. तेव्हा तसंच वाटलं. पुढं खरी टोचून घेईन म्हणत होतो, ते राहून गेलं. मग त्या लशीचा काही उपयोग नाही असं छापून आलं. म्हटलं, बरंच झालं.”

पलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली.

“आईला माहीत होतं?” कन्नियम्माने विचारले.

“हो.”

“आणि वळ उठत नाही, काम आत होतं...”

“तू लहान होतीस. इतर मुलींना व्रण आले, तुला नाही, म्हणून रडलीस. तेव्हा सांगितलं.”

“ते मी समजू शकते.” ती श्वास घ्यायला थांबली. “आठ वर्षांच्या पोरीला सांगितलंस, ठीक आहे. ओट्यावर मी बाही वर केली तेव्हा मी किती वर्षांची होते, अण्णा?”

त्यांनी खिशातली वही चाचपली.

“सगळ्यांसमोर केली. तू बसला होतास. धनकोटी खरं बोलत होती आणि मी तिला खोटं पाडलं. माझाच हात दाखवून पाडलं. तू मला पाडू दिलंस.”

“लोक होते, कन्नी. मारायला उठले होते.”

“आणि त्या दिवशी सकाळी? तेव्हा कोण होतं? ते वरचे सार होते आणि तू होतास. मी विचारलं, जाऊ का? तुझ्या हातात घास होता. नको म्हणायला किती वेळ लागतो?”

“मला वाटलं, जाशील आणि येशील. काही होणार नाही.”

“मीही गेलेच असते बहुतेक,” ती म्हणाली. “मुली उपाशी होत्या. पण मी काय घेऊन आत जातेय, ते मला ठाऊक असायला हवं होतं. मी अंतर ठेवून वाढलं असतं. मी त्या पोरीचं डोकं मांडीवर नसतं घेतलं, अण्णा. तुझ्या भरवशावर घेतलं.”

मग तिने फोन बंद केला. एकांबरम यांनी पुन्हा लावायला सांगितला. तिने उचलला नाही.

ती वाचली. अडीच आठवड्यांनी नेल्लिमेडूला परतली, निम्मी होऊन. त्या अकरा मुलीही वाचल्या. मुनिरत्नम व्रण असून गेला आणि ती व्रण नसताना वाचली, यावरून काही ठरत नाही. दोन माणसांवरून काही ठरवू नये हे मला कळते. पेपरातल्या बातमीतला ‘कदाचित’ तिथेच राहिला. पुढे निरनिराळ्या ठिकाणच्या तपासण्यांचे निकाल आले. कोणी थोडा फायदा दिसतो म्हणाले, कोणी काहीच दिसत नाही म्हणाले. गल्लीत तो विषय मुनिरत्नमबरोबरच संपला. त्याचे दुकान आता त्याची सून चालवते.

जानेवारीत पोंगल आला. पोंगलला भावाने बहिणीच्या घरी सीर पाठवायची असते. नवे तांदूळ, गूळ, पानांसकट हळदीचे रोप, ऊस आणि साडी. बहीण म्हातारी झाली, विधवा झाली, तरी पाठवायची असते. लग्न झाल्यापासून कन्नियम्माला एका वर्षीही सीर चुकली नव्हती, आणि ती तांदूळ दारावरून जाणाऱ्याला दाखवत असे. “अण्णाकडचे.” त्या वर्षी एकांबरम स्वतः घेऊन निघाले. माझ्या गाडीतून मी नेले. ऊस खिडकीतून बाहेर काढावा लागला.

ती अंगणात कोलम, तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढत होती. आम्हाला बघून उठली, हाताचे पीठ झटकले. मला म्हणाली, “या सार. ताक देऊ?” एकांबरम यांनी सीर भरलेली परात उंबऱ्याजवळ ठेवली.

“कन्नी, सीर.”

“न्या परत.”

ती त्यांना आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो बोलली. ते मला जितके लागले, त्याहून त्यांना नक्कीच जास्त लागले असणार, कारण ते खाली बसले.

“पाणी टोचलं म्हणून एवढा राग धरतेस?”

“पाण्याचा राग नाही. परातीत काय आहे ते मला दिसतंय, तांदूळ आहेत, गूळ आहे. पण तुम्ही दिलंय म्हटल्यावर मला आता ते उघडून बघावं लागेल. मला तसं बघायचं नाही. म्हणून न्या.” मग माझ्याकडे वळून, “ताक मीठ घालून की बिनमिठाचं?”

मी ताक घेतले. परात गाडीत ठेवली. समोरच्या दारातून धनकोटी बघत होती.

मार्चमध्ये साठीच्या वरच्यांना कोरोनाची लस द्यायला सुरुवात झाली. मी एकांबरम यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. रांगेत आमच्या पुढे तीन माणसे सोडून कन्नियम्मा उभी होती. तिने एकदा मागे पाहिले आणि पुन्हा पुढे पाहिले. तिचा नंबर आला तशी ती खुर्चीवर बसली, पण बाही वर केली नाही.

“बाटली दाखव, पोरी.”

“पाटी, सगळ्यांना एकच आहे,” नर्स म्हणाली. विशीपंचविशीची मुलगी होती, सकाळपासून टोचून दमलेली.

“असू दे. दाखव. नाव वाच.”

नर्सने नाव वाचले.

“आता माझ्यासमोर ओढ सुईत.”

“घरचं कोणी डॉक्टर आहे का, पाटी? एवढं कोणी विचारत नाही.”

“नाही,” कन्नियम्मा म्हणाली. “घरचं कोणी नाही.”

तिने बाही वर सरकवली. तोच डावा दंड, तीच कोरी जागा. सुई आत जाताना ती त्या सुईकडे टक लावून बघत राहिली.

टोचल्यावर अर्धा तास बसायचे होते. ओसरीत खुर्च्या मांडल्या होत्या. एकांबरम टोचून बाहेर आले तेव्हा एकच खुर्ची मोकळी होती, कन्नियम्माच्या शेजारची. ते थोडा वेळ दारात थांबले, मग हळूच जाऊन त्या खुर्चीवर बसले. कन्नियम्माने पिशवी उचलली. आजारानंतर तिचे गुडघे धरतात, उठायला वेळ लागला. ती अंगणात गेली आणि कडुनिंबाखाली उभी राहिली. तिची अजून वीस मिनिटे उरली होती. नर्सने दोनदा हाक मारली, “पाटी, बसा, चक्कर येईल.” ती उभीच राहिली. वेळ झाल्यावर नर्सकडून कागद घेतला, वाचून घेतला, चंचीत ठेवला आणि नेल्लिमेडूच्या रस्त्याला लागली.